पायाळू

मेथी उपटायला सरुबाई वाफ्यात बसली ती बसलीच. जुड्या बांधून झाल्या, मार्केट यार्डाचा टेम्पो भरून गेला, तरी तिला उठता येईना. कंबरेत कुणी पहार ठोकून ठेवल्यागत झालं होतं. शेवटी रांगत बांधापर्यंत गेली आणि बाभळीला धरून अर्धी उभी राहिली. अर्धीच. सरळ उभी सरुबाई गावानं कैक वर्षांत पाहिली नव्हती.

गाव म्हणायचं ते आपलं सवयीनं. कोथरूडच्या पल्याडचं हे रान पालिकेत गेलं, चहूबाजूंनी सोसायट्या उठल्या, आणि मधे तिच्या नवऱ्याचं, जयसिंगाचं, एवढं भाजीचं तुकडं राहिलं.

जयसिंग बांधावरून बघत होता. म्हणाला, "कर सोंगं. फोटूत तर काय बी निघालं न्हाय."

ते खरंच होतं. सून निशानं तिला दवाखान्यात नेऊन यंत्रात घातलं होतं. मणके शाबूत निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्नायूंचं जुनं दुखणं आहे, एका गोळीनं जायचं नाही. रोज व्यायाम करा, फार वेळ वाकू नका, एका पायावर भार देऊ नका. खोटं काही बोलल्या नाहीत. पण मेथी काय उभ्यानं हातात येते? तरी सरुबाईनं अंगणात पोतं अंथरलं, उताणी पडून कंबर उचलायला लागली. जरा आराम पडत होता. तर जयसिंग चार माणसांत म्हणाला, म्हातारी पवायला शिकतीया. माणसं हसली. पोतं गुंडाळलं गेलं. न दिसणारं दुखणं बाईला झालं की सोंग, आणि गड्याला झालं की उसण.

पुढं ऐका. सरुबाई पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून आलेली. अशा माणसानं कंबरेला पाय लावला की उसण उतरते, ही वाडवडलांपासूनची समजूत. दर रविवारी सकाळी तिच्या ओसरीवर माणसं पालथी पडत. गावातली तर येतच, आता खुर्चीत बसून आखडलेले सोसायटीवालेही मोटारीतून येत आणि "आजी, हळू हं" म्हणत. पैसा घ्यायचा नाही, आलेल्याला परत पाठवायचं नाही. नाही म्हटलं की पायाचा गुण जातो, असं तिला आईनं सांगितलेलं. रान नवऱ्याचं, घर नवऱ्याचं. पाय तेवढे तिचे.

"तुम्हांला कुणी पायाळू बघू का आत्या?" निशानं एकदा विचारलं.

"आता समदी पोट फाडून काढत्यात. पायाळू जलमतोय कुठं?"

मेथीच्या वाफ्यात अडकून बसली त्यानंतरच्या रविवारी मात्र निशानं तिच्याकडून कबूल करून घेतलं, आजपासून पाय लावणं बंद. फाटकही लावून घेतलं. तेवढ्यात पाण्याची मोटार उचलताना जयसिंगाच्या कंबरेत उसण भरली. दोघा गड्यांनी त्याला धरून आणला आणि ओसरीवर पालथा घातला. तो लेकरागत कण्हत होता.

"आत्या, नका," निशा म्हणाली.

सरुबाई खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "एकदा म्हना, माझं सोंग न्हाय."

"न्हाय गं बाये, सोंग न्हाय. लाव आता."

हेच ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती. तिनं खांब धरला, एका पायावर भार घेतला आणि दुसऱ्यानं त्याची कंबर दाबत गेली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळेला तिच्याच कंबरेत कळ निघाली ती पार टाचेपर्यंत गेली. पाय खाली टेकला, पण कळेनं वाकलेलं अंग वर येईना.

जयसिंग उठून बसला. इकडं वळून बघितलं, तिकडं बघितलं. पाठ सुटली होती. धोतर झाडत म्हणाला, "गुण हाय."

सरुबाई वाकलेलीच होती. खालूनच विचारलं, "मघाशी म्हनला ते खरं ना?"

"अडला हरी गाढवाचे पाय धरी," तो म्हणाला आणि गड्यांना घेऊन चहाला गेला.

निशानं सासूला सरळ करायला बघितलं. काटकुळा सांगाडा, पण हलेना. शेवटी तिनं कोपऱ्यातलं पोतं आणून अंथरलं. तिला आडवी करणार, तोच फाटकाशी मोटार थांबली. चहाच्या टपरीवर जयसिंगानं बायकोच्या पायाची तारीफ केली होती. एक साहेब कंबर धरून आत आले, अंथरलेलं पोतं बघून चपला काढल्या आणि तिच्या आधी त्यावर पालथे पडले.

"आजी, हळू हं."

सरुबाईनं खांब धरला.