साधी चिप

दुष्काळात रावसाहेबच्या टोइंग ट्रकचं काम बदललं. बंद गाड्या ओढायचं सोडून तो आता चितेगावातल्या स्वतःच्या विहिरीवरनं पाण्याची टाकी ओढून शहरातल्या नव्या फ्लॅटांना पोचवायचा. पण भरल्या टाकीनिशी चढावर डिझेल इंजिन धापा टाकायचं.

हनीफ मिस्त्रीनं इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या दोन चिपा पुढं ठेवल्या. "ये मोबाइलवाली, जोर मोबाइल से कम-ज्यादा करो. ये सादी, लगाव और भूल जाव."

"साधीच दे, भाई. जास्त जोर लावला अन् इंजिनाचंच काम निघालं तर?" क्लच, तापमान, गिअर, रावसाहेबनं सगळं खोदून खोदून विचारलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक एका दमात चढ चढला. दोन खेपांच्या चार झाल्या.

बायको कौसा तडकली, "गाडीची नाडी बघितली, विहिरीची कवा बघताव?"

"तुला काय कळतंय इंजिनातलं!" म्हणत त्यानं तिला उडवून लावलं.

आठवडाभरानं टाकी अर्धीच भरली अन् पाइपातनं नुसती हवा फुसफुसायला लागली. तेवढ्यात हनीफचा फोन आला.

"क्या रावसाहेब, कैसी चल रही गाडी?"

रावसाहेब विहिरीच्या कोरड्या तळाकडं बघत राहिला.

"लई झ्याक, भाई," तो म्हणाला. "आता चढ कळतबी नाय."