दुपारचा आवाज

तळवलीच्या गोटीराम शेठच्या काळ्या मोटारीत आवाज होता, याविषयी गावात दुमत नव्हते. वाद होता तो त्याच्या कारणाविषयी. क्लच सोडून गाडी पुढे निघाली की मागून ‘खट्’ असा एक घाव ऐकू येई, आणि ब्रेक दाबला की तसाच दुसरा. गोटीराम शेठची भातगिरणी होती, आणि यंत्र आपण होऊन बिघडत नाही, त्याला मनुष्य बिघडवतो, हे त्यांचे मत गिरणीच्या पट्ट्याइतके घट्ट होते. त्यातून हा आवाज सकाळी कधी नसे, दुपारीच असे. यावरून त्यांनी ठरवले की चालक रोहिदास जेवणानंतर सुस्तावतो आणि क्लच धसमुसळेपणाने सोडतो. निष्कर्ष चुकीचा होता. परंतु ज्या निरीक्षणावर तो उभा होता ते खरे होते. रोहिदासाने निष्कर्षाबरोबर निरीक्षणही झिडकारले, आणि त्याचे पुष्कळ दिवस नुसते भांडण्यात गेले.

आज भांडण संपले होते. शेठची लेक चंदा तान्ह्या मुलाला घेऊन दुपारी ठाण्याला सासरी निघायची होती, आणि शेठ स्वतः सोबत बसणार होते. वाटेत आवाज झाला तर चावी दुसऱ्याच्या हाती जाईल, असे त्यांनी सकाळीच सांगून टाकले. ते रागावून सांगितले असते तर रोहिदासाला इतकी भीती वाटली नसती. होडी सोडून मोटारीवर बसलेला गावातल्या कोळ्यांमधला तो पहिलाच. आणि त्याला मोटार शिकता यावी म्हणून वडिलांनी होडी विकली होती. परत फिरायचे म्हटले तरी फिरायला जागा उरली नव्हती.

शेठच्या गल्लीत मोटार शिरत नसे, म्हणून ती खाडीच्या बांधावर, रोहिदासाच्या दारासमोरच उभी असे. ऊन चढले तसा तो गाडीखाली शिरला. इंजिनाची शक्ती मागच्या आसापर्यंत नेणारा लांब शाफ्ट त्याने दोन्ही हातांनी पिळून पाहिला. त्याच्या टोकांच्या सांध्यांतले क्रॉस जरासुद्धा हलले नाहीत. आसाच्या पोटातले तेल पुरेसे होते, आणि बोटावर घेतलेल्या तेलात लोखंडाचा कण नव्हता. जॅक लावून त्याने चाके फिरवली. आतल्या दात्यांचा सूर एकसारखा होता. मग त्याने गाडी खाली उतरवली आणि हातभर पुढे नेली. ‘खट्.’

बांधावर त्याचे वडील चांगदेव जाळे दुरुस्त करीत बसले होते. हयातभर तांडेल म्हणून होडी हाकलेला हा माणूस मोटारीच्या कामात कधी बोलत नसे.

रोहिदास पायरीवर टेकला आणि शेठचे म्हणणे त्याने प्रथमच, शेठला वगळून, विचारात घेतले. सकाळी आवाज नाही; दुपारी आहे. क्लच सोडणारा पाय तर दोन्ही वेळी एकच. मग सकाळी असे काय होते जे दुपारी नसते? मिठागरांचा खारा चिखल लोखंड खातो, म्हणून तो रोज पहाटे गाडीच्या खालच्या अंगाला पाण्याच्या बादल्या मारीत असे. गाडी सकाळी ओली असते. एवढाच फरक होता.

त्याने उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला सावकाश पाणी ओतले आणि गाडी हलवली. ‘खट्.’ मग डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ओतले, थोडा थांबला, आणि क्लच सोडला. गाडी निमूट पुढे सरकली.

जाळ्यावरचे चांगदेवांचे हात थांबले होते.

रोहिदासाने डावे चाक काढले. मागचा आस दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या पाट्यांवर दोन-दोन वाकड्या बोल्टांनी आवळलेला असतो. या बाजूचा एक तिथे नव्हताच. त्याच्या जागी, चिखलाने पाट्यांच्याच रंगाची झालेली अंबाडीची दोरी होती, वेढ्यावर वेढा देऊन बांबूच्या खुंटीने पिळलेली. ती गाठ त्याने लहानपणी शिडाच्या काठीवर पाहिली होती.

“बाबा, ही तुमची गाठ.”

“बोल्ट पडलेला. मी बांधला.”

“मला सांगितलं का नाय?”

चांगदेवांना प्रश्नच कळला नाही. “ढिली दोरी दिसली त बांधायची. सांगत कोन फिरतो?”

होडीवरचा नियम खरोखरच तसा होता. ज्याला ढिले दिसले त्याने आवळायचे. त्याचा उच्चार केला तर उपकार केल्यासारखे होई, आणि होडीवर कोणी कोणावर उपकार करीत नसे. दोरी ओली झाली की फुगून अधिकच आवळते, हेही खरे. रोहिदासाला त्यांच्यावर रागावता येईना.

“होडीवर दोरी सुकत नाय, बाबा,” तो म्हणाला.

नवा बोल्ट ठाण्याच्या अलीकडे मिळणे नव्हते. चांगदेवांनी दोरीकडे पाहिले, खुंटीला आणखी एक पीळ दिला आणि ती चांगली भिजवायला सांगितली. कळव्याच्या पुलापर्यंत ती बोलणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. रोहिदासाने चाक बसवले. शेठ आणि चंदा बांधावरून येताना दिसले तेव्हा त्याच्या हातात रिकामी बादली होती.

गाडी निघाली. गाव मागे पडले, ठाण्याचा रस्ता लागला, ब्रेक लागला, सुटला, आवाज नाही. शेठ खुशीत येऊन म्हणाले, “आज जेवला नाय वाटतं?” चंदाही हसली, आणि पोर निजले आहे, बेताने ने, असे म्हणाली. ज्या शांततेसाठी तो इतके दिवस भांडला ती आता त्याच्या पाठीमागे बसली होती, आणि तिच्यापुढे त्याला घाम फुटला होता. रस्ता तापलेला होता. वारा खालून वाहत होता. तो वारा काय करतो आहे हे गाडीत त्याला एकट्यालाच ठाऊक होते. पुढे कळव्याचा अरुंद पूल, समोरून येणारे ट्रक, आणि आस सरकला तर चाक कोणीकडे वळेल याचा नेम नाही.

वाटेवरच्या दिघा गावाच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली.

“काय झाला? आवाज कुठं आला?” शेठनी विचारले.

“येनार हाय, शेठ. पुलावर येईल. उतरून मागून बघा.”

शेठ धोतर सावरून वाकले. डाव्या चाकाआडची दोरी त्यांनी बोटाने दाबून पाहिली. उठले तेव्हा त्यांचा आवाज खाली उतरला होता. “ह्या दोरीवर माज्या नातवाला बसवलास?”

“हो.”

“कोनी बांधली?”

“गाडी माज्या हातात हाय, शेठ,” रोहिदास म्हणाला.

शेठनी हात पुढे केला. त्याने चावी दिली. बेलापूरहून येणारी एस.टी. दिसू लागली तसे शेठनी चंदाला उतरवले, मुलाला स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि हात दाखवून बस थांबवली. एक पाय पायरीवर ठेवून ते परत फिरले, आणि चावी बॉनेटवर ठेवली.

“रिकामी ने. बोल्ट टाकून आन. तुझा मी मंग बघीन.”

बस गेली. रस्त्याच्या कडेला मिठागराचा चर पाण्याने भरलेला होता, आणि बादली गाडीतच होती. रोहिदासाने तिला हात लावला नाही; दोरी सुटू लागली तर ते आता त्याला ऐकू यायला हवे होते. तो बसला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

‘खट्.’

त्याने गाडी माणसाच्या चालीने पुलाकडे नेली.