साहेबांना जोडीदार

माझं दुकान माशांचं. खायच्या नाही, बघायच्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण महिन्यातून एखादा माणूस अजूनही पिशवी घेऊन दारात उभा राहतो आणि किलोचा भाव विचारतो. वीस वर्षं मी काचेच्या टाक्या पुसतेय. गिऱ्हाइकं मला माझ्यामागे फटकळ बाई म्हणतात, काही तोंडावरही म्हणतात. मी मागेल त्याला मागेल तो मासा देत नाही, हे त्याचं कारण. टाकी केवढी, पाणी कसं, आत आधीपासून कोण राहतंय, हे विचारल्याशिवाय माझी जाळी पाण्यात जात नाही. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, एंजलला कोमट. त्या दोघांचा संसार मी थाटून देणार नाही. लांब मिशांच्या गोरामीशेजारी टायगर बार्ब सोडला तर आठवड्यात मिशा कुरतडलेल्या दिसतात. 'पण एकत्र छान दिसतील हो,' असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. छान दिसेल म्हणून आपण कोणाच्याही घरात जाऊन राहतो का?

आणि अशी मी, त्रेचाळिसाव्या वर्षी लग्न करायला निघाले होते.

माझ्यापासून दोन दुकानं सोडून एक गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतात. मी त्यांना घड्याळजी म्हणते. बोलणं मोजकं, पण माझी बडबड शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा पहिलाच माणूस. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. घरात अकरा वर्षांची मुलगी.

"तिला पटलं नाही तर मी पुढे जाणार नाही," ते मला म्हणाले होते.

"गेलात तर मीच नाही म्हणेन," मी म्हणाले. तेव्हा ते बोलणं सोपं वाटलं. नंतर आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही, कारण मुलीने बापाला एवढंच उत्तर दिलं होतं, "बघू."

एका शनिवारी ती बापाबरोबर दुकानात आली. तिच्या घरी तीन फुटांची टाकी होती, आईने लावलेली, आणि त्यात एकच निळा गोरामी, नाव साहेब. ती थेट माझ्याशी बोलली, पहिल्यांदाच.

"साहेब एकटे असतात. त्यांना जोडीदार हवाय. अगदी त्यांच्यासारखाच."

गोरामीचा नर दुसऱ्या नराला उभं करत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दुसऱ्या कोणी मागितला असता तर मी त्याला दारापर्यंत पोचवून आले असते. पण त्या मुलीने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं आणि मी पाघळले. हा लहान आहे, टाकी मोठी आहे, निभेल, अशी स्वतःची समजूत घालून मी एक निळा गोरामी पिशवीत बांधून दिला. जाताना ती किंचित हसली. त्या हसण्यावर मी दिवसभर तरंगत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळजी आले. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच होतं.

"जरा घरी येता?"

त्यांच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते असं. मुलगी टाकीसमोर स्टुलावर बसली होती. नवा मासा फिल्टरच्या मागे अंग चोरून उभा, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. साहेब समोर येरझाऱ्या घालत होते.

ती वळली नाही. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं म्हणाले असते तर खपलं असतं. "माहीत होतं," मी म्हणाले.

"मग दिलात कशाला?"

"तू मागितलास म्हणून. मी तुला आवडावं म्हणून."

घड्याळजी पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

"म्हणजे लाच," ती म्हणाली.

"हो. लाचच."

मी बाही वर केली, जखमी माशाला अलगद जाळीत घेतलं आणि पिशवीत सोडलं. तिने पिशवीला नाक लावलं. "जगेल?"

"जगेल. माझ्याकडे वेगळ्या टाकीत ठेवीन. शेपटी परत येते."

तिने पिशवीवरची नजर साहेबांकडे वळवली. मग म्हणाली, "म्हणजे साहेबांना कोणीच चालत नाही?"

"त्यांच्यासारखाच दुसरा चालत नाही. वेगळा चालेल. ते वरच्या मजल्यावर राहतात, तर आपण तळमजल्याची बिऱ्हाडं आणू. कोरी नावाचे मासे असतात, बुटके, मिशाळ, दिवसभर तळ हुंगत फिरतात. कोणाच्या अध्यात ना मध्यात." बोलता बोलता मी टाकीच्या तळाकडे वाकले. "फक्त ही खडी टोकदार आहे, त्यांच्या मिशा झिजतील. ही काढून वाळू घालू."

ती ताडकन उठली आणि काचेवर पंजा पसरून उभी राहिली.

"खडी नाही काढायची. आईने धुतलीय ती. बादलीत, सात वेळा. मी मोजत होते."

अशा वेळी माझं उत्तर ठरलेलं असतं: घर माशाला साजेसं करा, नाहीतर मासा नेऊ नका. वीस वर्षांत मी ते शेकडो लोकांना ऐकवलंय. तेव्हाही ते ओठांवर आलं होतं. मी खडीकडे बघितलं. गडद निळी, एकेक खडा सारख्या मापाचा. बाईने धुण्याआधी निवडलीही होती. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच्या मागोमाग, कधी न पाहिलेल्या त्या बाईबद्दल एकदम माया दाटून आली.

"राहू दे खडी," मी म्हणाले. "आपण खडीला साजेसा मासा शोधू."

शोधायला आठवडा गेला. गप्पी नकोत, त्यांच्या झुलत्या शेपट्यांनी साहेब भडकले असते. शेवटी रासबोरा ठरले: बोटाच्या दोन पेरांएवढे, तांबूस, थव्याने राहणारे, टाकीच्या मधल्या पाण्यात फिरणारे, तळाला सहसा न जाणारे. आठ निवडले, सगळे धडधाकट आहेत ना ते चार दिवस बघितलं आणि रविवारी घेऊन गेले. पिशवी टाकीत तरंगत ठेवली. दर पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घालायचं, हे काम तिने घेतलं. बापाचं एक घड्याळ समोर ठेवून तिने एकदाही वेळ चुकवली नाही. मग पिशवीचं तोंड उघडलं. आठही जण घोळक्याने बाहेर पडले. साहेब खाली आले, एकाला मिशीने चाचपून बघितलं, आणि परत आपल्या पानाखाली गेले.

तिने रोखलेला श्वास सोडला. मीही.

वाटी विसळून ठेवताना तिने विचारलं, "तुम्ही आमच्याकडे आलात की काय काय बदलणार?"

स्वयंपाकघरात भांडी लावणारे घड्याळजी लावायचे थांबले.

"ते मला नाही माहीत," मी म्हणाले. "काय हलवायचं नाही, ते तू सांग."

तिने खिडकीकडे बोट केलं. तिथे शिलाई मशीन होतं. सुईखाली एक पिवळा फ्रॉक तसाच अडकलेला, एक बाही लागलेली, दुसरी अर्धवट.

"मशीन हलवायचं नाही. आणि त्यातला फ्रॉक काढायचा नाही."

"नाही काढणार."

"तो मला आता होतसुद्धा नाही."

"तरी नाही काढणार."

तिने माझ्याकडे नीट, सरळ बघितलं.

"मग या," ती म्हणाली.