मागचे दोन रुंद टायर

घोडपदेवच्या चाळीत मायाला लहानपणापासून सगळे ‘भित्री’ म्हणायचे. जिन्यातला दिवा गेला की ती खालीच थांबायची, कुणीतरी वर जाणारं येईपर्यंत. पुढे चाळ पडली, तिथे टॉवर उभा राहिला, माया चाळिशीला टेकली, हॉस्पिटलात एक्स-रे काढू लागली, आईचं आणि धाकट्या भावाचं सगळं बघू लागली. पण ते नाव काही सुटलं नाही. तिनं कशाला ‘नको’ म्हटलं की घरात कुणी मनावर घेत नसे.

गाडी तिनं आणि भावानं, संघर्षनं, मिळून घेतली ती आईसाठी. चंपाबाईंना एकदा लडाखला जायचं होतं, डोंगराच्या कड्यांवरचे बुद्धविहार बघायला. गुडघ्यांचं ऑपरेशन होऊनही जिद्द तीच. म्हणून जुनीच, पण चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी शोधली. मागचे दोन टायर झिजले होते. तेवढे बदलायला दोघं भायखळ्याला शामरावांच्या दुकानात गेली.

संघर्ष स्टेजच्या साउंड सिस्टिमचं काम करायचा. त्याला सगळं मोठं लागायचं, आवाजही आणि टायरही. दुकानात शिरताच त्याची नजर काळ्या रिमवर चढवलेल्या रुंद जोडीवर गेली.

“ताई, हे मागे लावले ना, तर गाडी काय दिसेल! आणि ग्रिप बघ!”

शामरावांनी माप वाचलं. “हे दोनशे पंचावन्न. तुमचे पुढचे आहेत दोनशे पंचवीस. म्हणजे रुंदीला तीन सेंटिमीटर जास्त, आणि उंचीलाही थोडे जास्तच भरतील.” मग जरा घुटमळून म्हणाले, “ऑल-व्हीलला तशी चारही चाकं सारखी लागतात. पण माझ्याकडे ही एकच जोडी आहे. आणि लावतात लोक. चालून जातं.”

मायाच्या मनात पाल चुकचुकली. “सारखी नसली तर काय होतं?”

“उंच चाक कमी फिरतं, बुटकं जास्त. पुढच्या-मागच्याला जोडणारी पेटी असते ना मध्ये, तिची ओढाताण होते. गरम होते.”

“आणि पावसात? रुंद टायर पाण्यावर तरंगतो म्हणतात.”

“झाली सुरू!” संघर्ष हसला. “काका, हिला लिफ्टचीपण भीती वाटते. रेसच्या गाड्यांना मागे रुंदच टायर असतात गं.”

शामरावही हसले. माया ओशाळली. खरं तर तिला विचारायचं होतं, रेसच्या गाड्यांच्या चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते का? पण दोन पुरुष हसत होते, आणि चाळीस वर्षांचं ते नाव पुन्हा कपाळावर चिकटलं होतं. ती म्हणाली, “बरं, लावा.”

दुसऱ्या दिवसापासून तिला गाडीचा आवाज वेगळा वाटू लागला. मागून बारीक घूं घूं यायची. पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना गाडी अडखळायची, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. लालबागहून परत आल्यावर एकदा तिनं वाकून पाहिलं, तर खालून करपल्यासारखा वास येत होता. समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागायचा आणि आपोआप विझायचा.

“नवीन रबराचा वास आहे,” संघर्ष म्हणाला. “आणि जुन्या गाडीचे दिवे लागतातच.”

माया रात्री अंथरुणात पडून तो घूं घूं आवाज आठवायची. लडाखचा रस्ता डोळ्यांसमोर यायचा, एका बाजूला दरी.  पण सकाळी उठून ती हॉस्पिटलात ड्युटीला जायची.

ऑगस्टातल्या एका रविवारी चेंबूरला शेवंतीमावशीकडे जेवायला जायचं ठरलं. लांबच्या प्रवासात दोघांनी गाडी आळीपाळीनं चालवायची होती, म्हणून संघर्ष म्हणाला, “आज तू चालव ताई, सवय होऊ दे.” आई मागच्या सीटवर, उजव्या खिडकीशी बसली. ऑरेंज गेटपाशी फ्रीवेवर चढेपर्यंत नुसती भुरभुर होती. वर चढल्यावर मात्र पावसानं असं धरलं, की वायपरला पाणी आवरेना.

“हळू घेते,” माया म्हणाली.

“एवढी पण हळू नको, मागून ठोकेल कुणी,” संघर्ष म्हणाला.

तिनं थोडा वेग वाढवला. पुढे वळणावर रस्त्यात पाणी साचलं होतं, राखाडी आरशासारखं. तिनं ते पाहिलं तोवर पुढची चाकं त्यात शिरलीही. ती पाणी कापत निघाली. मागची मात्र उचलली गेली. मायाला ते स्टिअरिंगमध्ये नाही, कमरेत जाणवलं. आपल्या पाठीमागचं सगळं जग जमिनीवरून सुटलं, असं वाटलं. ब्रेक दाबायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. पाय तरीही ब्रेकवर गेला.

गाडीची शेपटी गर्रकन फिरली. कठडा समोरून गेला, आकाश गेलं, पुन्हा कठडा आला.  मग एक हिसका बसला आणि सगळं थांबलं.

गाडी रस्त्याच्या मधोमध उलट्या तोंडानं उभी होती. समोरून, पावसाच्या पडद्यातून, दिवे येत होते. त्यांच्याकडेच.

एक टॅक्सी हॉर्न मारत बाजूनं निसटली. माया बंद पडलेलं इंजिन चालू करायला धडपडली. ते सुरू झालं, पण गिअर टाकताच खालून लोखंड चावल्यासारखा कर्कश आवाज आला. गाडी जागची हलेना.

“ताई, काढ ना! काढ ना गाडी!” संघर्ष ओरडत होता. तो दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला होता आणि उठायचं विसरला होता.

 दूर वळणावर टँकरचे उंच दिवे दिसले, आणि मायाला एकच गोष्ट कळली. आईला पळता येत नाही.

“उतर!” ती ओरडली. “संघ्या, उतर! आईला धर!”

ती पावसात बाहेर पडली. मागचं दार उघडून तिनं आईच्या काखेत हात घातले. आईचे गुडघे वाकेनात, पदर सीटबेल्टच्या कडीत अडकला. मायानं तो टरकन फाडला. तोवर संघर्ष धावत आला आणि त्यानं पाय धरले. पोतं उचलावं तसं आईला उचलून दोघं कडेच्या कठड्याकडे सुटली. टँकरचा हॉर्न आता थांबतच नव्हता.

तिघं कठड्याला चिकटली तेव्हा टँकर वळला. जवळजवळ चुकवलीच होती त्यानं. पण त्याच्या मागच्या कोपऱ्याचा धक्का गाडीच्या मागच्या उजव्या दाराला बसला. दार सीटपर्यंत आत गेलं. जिथं क्षणापूर्वी आई बसली होती, तिथं.

टँकर पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर धावत आला, “कोई है क्या अंदर?” म्हणून किंचाळत. कोणी नव्हतं. संघर्ष रस्त्याच्या कडेला बसून ओकत होता. आई उभी होती, फाटका पदर मुठीत. मायाला मात्र रडू येईना. तिला राहून राहून दुकानातलं ते हसणं ऐकू येत होतं. आपल्याला भीती वाटली होती, तिचं कारणही ठाऊक होतं, आणि निव्वळ भित्री दिसू नये म्हणून आपण आईला त्या दाराशी बसवलं.

गॅरेजवाल्यानं नंतर सांगितलं, मधली पेटी आतून जळून गेली होती. गाडी दोन महिने तिथंच पडून राहिली.

ती दुरुस्त झाल्यावर भावंडं पुन्हा शामरावांकडे गेली. काय झालं ते त्यांच्या कानावर आलं होतं. ते खाली बघत म्हणाले, “या वेळी चारही एका मापाचे देतो. हवं तर चारही जरा रुंद घ्या, बसतील.”

“नको,” माया म्हणाली. “गाडीची मूळ रुंदी. चारही नवे, एकाच जातीचे. रिमही जुन्याच मापाचे. पावसात चालवायचीय मला.”

कुणी हसलं नाही. संघर्ष एका बाजूला उभा होता. अपघातानंतर त्यानं एकदाही स्टिअरिंगला हात लावला नव्हता. टायर चढवून झाल्यावर त्यानं चारही चाकांवरचे आकडे वाकून वाचले, आणि मग पुन्हा एकदा वाचले.

लडाखचं पुढच्या जूनवर गेलं. चंपाबाईंनी हट्ट सोडला नव्हता. “गाडीतनंच जाणार,” त्या म्हणाल्या, “पण गाडी मायाच चालवेल.”

त्याआधी शेवंतीमावशीचं राहिलेलं जेवण होतं. नोव्हेंबरातला लख्ख दिवस होता, रस्ता कोरडा ठणठणीत. तरी फ्रीवेवर ते वळण जवळ आलं तशा मायाच्या तळव्यांना घाम फुटला.  गाडी गुपचूप, एकसंध चालली होती, मागून कसलाही आवाज नव्हता, आणि तरीही ती प्रत्येक क्षणी कमरेत ते उचललं जाणं शोधत होती.

“माये,” मागून आई म्हणाली, “घाबरलीस का गं?”

“हो.”

“मग हळू घे.”

मायानं वेग कमी केला. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. तिनं ती गाडी बाजूनं जाऊ दिली.