मीराबाईंचा 'जा'

बव्हेरियाच्या विधानसभेसाठी उंटरश्लाइसहाइमच्या भागातून पक्षाने कोणाला उभे करायचे, हे त्या शनिवारी दुपारी पक्षाचे सभासद ठरवणार होते. परंतु मेश्रामांच्या घरातील तीन मते कोणाला पडणार, हे मीराबाईंनी सकाळी कणीक मळतानाच ठरवून टाकले होते. तिन्ही मते हेर वीलांड यांना. तसा शब्द त्यांनी स्वतः वीलांडसाहेबांना बेकरीच्या दारात, चार लोकांच्या देखत दिला होता, आणि मीराबाईंनी दिलेला शब्द आजवर कधी माघारी आलेला नव्हता.

"आई, मतदान गुप्त असतं," ताटावर बसता बसता यशपाल म्हणाला. तो त्यांचा एकुलता एक मुलगा; कंपनीत वीस माणसांना हुकूम देई आणि घरी एकही देत नसे.

"गुप्त बाहेरच्यांसाठी. एका घरात कसलं आलंय गुप्त?"

"पण फ्राउ लोरेन्त्सही चांगल्या आहेत. तरुण आहेत, वकील आहेत."

"मागच्या आठवड्यात केक घेऊन आली होती ती. त्यात साखरच नव्हती. जिला दुसऱ्याच्या घरी साखर नेववत नाही, ती राज्य काय चालवणार?"

यशपालने वरणात लिंबू पिळले आणि वाद तेथेच संपला. सून उत्कर्षा पोळीवर तूप सोडत होती. तिचे मत कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणच नव्हते, कारण ते तीन मतांमध्ये धरलेले होते.

मीराबाई चाळीस वर्षे इस्पितळात होत्या आणि त्यांतली अखेरची पंधरा मुख्य परिचारिका. निम्म्या गावाची नाडी त्यांच्या बोटांखालून गेली होती. खुद्द वीलांडसाहेब हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्याच वॉर्डात होते, आणि 'श्वेस्टर मीरा', म्हणजे सिस्टर मीरा, यांनी फर्मावल्यावर नेसत्या इस्पितळी झग्यानिशी व्हरांड्यात फेऱ्या मारीत होते. अशा माणसाला विधानसभेत पाठवणे मीराबाईंना सोयीचे वाटे. त्याला ऐकण्याची सवय होती.

घराची शिस्तही वॉर्डासारखीच. वडील माणूस खोलीत आले की धाकट्याने उभे राहायचे. यशपालने ही शिस्त लग्नानंतर हळूच सोडून दिली. उत्कर्षेने मात्र ती अठरा वर्षे पाळली होती, इतकी की आता ती तिच्या मनात नव्हे, गुडघ्यांत मुरली होती. सोळा वर्षांची नात ईप्सिता म्हणे, "आजी दारात आली की मम्मा वर, आजी बसली की मम्मा खाली. गेनाऊ, अगदी लिफ्टसारखी." हे ती जर्मनमध्ये म्हणे, आणि मीराबाईंना ते नीट समजे, पण उत्तर द्यायचे नसले की त्यांना जर्मन ऐकू येत नसे.

सभा नगरभवनाच्या दालनात होती. ईप्सिता मतदानाच्या वयाची नसल्याने मागे, प्रेटझेलच्या टोपलीजवळ बसली. आधी वीलांडसाहेब बोलले, रेल्वेच्या जादा गाड्यांविषयी. मग लोरेन्त्सबाई बोलल्या, त्याही रेल्वेच्या जादा गाड्यांविषयीच, फक्त अधिक वेगाने. त्यांचे भाषण संपत आले तशा मीराबाई उठल्या. दालनातील कॉफी त्यांना गाळलेल्या पावसासारखी लागली होती, आणि स्वयंपाकघरात जाऊन संबंधितांना तसे सांगणे त्यांना कर्तव्य वाटले.

त्या गेल्या तेवढ्यात अध्यक्ष हेर क्नोल समोर आले. जाड भिंगांचा, आनंदी, घाईचा माणूस. "आणखी कोणाला उमेदवार व्हायचे आहे का?" त्यांनी विचारले. "असल्यास कृपया उभे राहावे, म्हणजे सर्वांना दिसेल."

कोणी हलले नाही. दर खेपेस कोणी हलत नसे.

आणि त्याच क्षणी दालनाचे दार उघडून मीराबाई आत आल्या.

उत्कर्षा उभी राहिली.

"आ, फ्राउ मेश्राम," हेर क्नोल हर्षभरित होऊन म्हणाले. "वुंडरबार. अखेर कोणीतरी." आणि सारे दालन टेबलांवर बोटांची पेरे वाजवू लागले, कारण त्या सभासदांची टाळी अशीच वाजे. उत्कर्षेने मागे वळून पाहिले, हे आणखी कोणा मेश्रामबाईसाठी चालले आहे की काय. मागे फक्त ईप्सिता होती, आणि तिने प्रेटझेल तोंडात कोंबून हसू अडवले होते.

दारात उभ्या मीराबाईंना काय घडले ते एका दृष्टिक्षेपात कळले. वॉर्डात रोगी चुकीच्या खाटेवर दिसला की कळते तसे. पहिल्या रांगेत वीलांडसाहेब मान वळवून त्यांच्याकडेच पाहत होते, आणि त्या नजरेत बेकरीचे दार, तिथले चार साक्षीदार आणि तीन मते स्वच्छ दिसत होती. हा घोळ तत्काळ निस्तरायला हवा होता. सुनेला बाहेर काढावे, पाच मिनिटे जाऊ द्यावीत, सभा पुढे सरकेल. त्यांनी आपल्या पाठीमागच्या उघड्या दाराकडे बोट केले. नेमके तेव्हाच हेर क्नोल यांनी लेखणी सरसावून विचारले, "आणि फ्राउ मेश्राम यांचे नाव कोण सुचवते?"

मीराबाई सुनेला म्हणाल्या, "जा."

खणखणीत म्हणाल्या. दोन शब्द वापरण्याची त्यांना सवय नव्हती.

हेर क्नोल यांच्या जर्मन कानांना तो 'या' असा ऐकू आला, म्हणजे होय, आणि सूचक म्हणून मीराबाईंचे नाव लिहून घेतले. उत्कर्षेने तो मराठी 'जा'च ऐकला. पण तिच्यासमोर एकीकडे दार होते आणि दुसरीकडे व्यासपीठ, आणि अठरा वर्षांत सासूबाईंनी तिला कशाबद्दल 'जा' म्हणून परवानगी दिली असेल, तर ती आत्ताच, असे तिला वाटले. तिचा चेहरा उजळला. मीराबाईंनी तो चेहरा तसा पूर्वी एकदाच पाहिला होता, ईप्सिता जन्मली त्या दिवशी.

दाराकडे केलेला हात खाली आला. तोंडाशी आलेले "अगं, इकडे नाही, बाहेर" हे शब्द मीराबाईंनी गिळले. भर दालनात आपली चूक कबूल करणे त्यांना जमलेही नसते. पण खरे कारण ते नव्हते, आणि हे त्यांना स्वतःलाच थोडे अवघड वाटले.

"मी उभी राहिले," उत्कर्षा माइकसमोर म्हणाली, "कारण माझ्या सासूबाई आत आल्या."

दालनात हशा पिकला. शेवटच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला समजावून सांगितले आणि हशा दुसऱ्यांदा उठला.

"पण उभीच आहे तर बोलते. या दोघांनीही जादा गाड्या कबूल केल्या. आल्झो, तर मी रोज सकाळी त्या फलाटावर असते, त्यामुळे उभं राहण्याचा या दोघांपेक्षा मला अधिक सराव आहे. गाडी येत नाही तेव्हा तिथे कोण कोण असतं ते मी सांगू शकते. मुलाला पाळणाघरात जागा न मिळालेली आई असते. भाडं वाढलं म्हणून दोन स्टेशनं लांब राहायला गेलेला नर्सिंगचा विद्यार्थी असतो. त्यांना जादा गाडी नको आहे. त्यांना इथेच राहायचं आहे."

पुढे ती घरांविषयी बोलली, शाळेच्या पालक समितीत भांडून कोणते स्वयंपाकघर उभे केले त्याविषयी बोलली, आणि मध्येच एक विनोद केला, ज्याला लोरेन्त्सबाईही हसल्या. मीराबाई भिंतीशी उभ्या राहून ऐकत होत्या. ही बाई अठरा वर्षे त्यांच्या घरात होती आणि तिला मते होती. एक नव्हे, अनेक. ही सारी ती कुठे ठेवीत होती?

"अहो आई," यशपाल शेजारी येऊन कुजबुजला, लहानपणीसारखा घाबरून, "आता वीलांडसाहेबांचं काय?"

"तू तुझं बघ," मीराबाई म्हणाल्या. "आणि मला अहो म्हणू नकोस, तू माझी सून नाहीस."

मतदानाआधी कॉफीची सुट्टी होती. मीराबाई थेट वीलांडसाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ते सवयीने उठू लागले; मीराबाईंनी त्यांना हाताने बसवले.

"हेर वीलांड, मी आपल्याला तीन मतं कबूल केली होती."

"होय, श्वेस्टर मीरा. बेकरीत."

"त्यातली दोन माझी नव्हती. ती मी द्यायला नको होती. मत म्हणजे काय, हे माझ्या सासऱ्यांनी मला शिकवलं होतं. ते आयुष्यात पहिल्यांदा मतदानाला गेले तेव्हा नवं धोतर नेसून गेले होते. हे ठाऊक असून मी दुसऱ्याचं मत आपल्याला भाजीसारखं देऊन टाकलं."

"आणि तिसरं? ते तर तुमचंच."

मीराबाईंनी पदर सारखा केला. आजवर त्यांना या माणसापुढे शब्द शोधावा लागला नव्हता.

"तेही मी परत मागते आहे. मतपेटीत टाकल्यावर नव्हे, आधी. आपल्या तोंडावर."

वीलांडसाहेबांनी भुवया वर केल्या. "तुम्हीच तिचं नाव सुचवलंत. ते खरंच ठरवून?"

"नाही," मीराबाई म्हणाल्या. "मी तिला बाहेर जायला सांगत होते."

हे ऐकून वीलांडसाहेब असे हसले की कॉफी बशीत सांडली, बशीतून पँटवर सांडली, आणि तरीही त्यांना थांबता येईना. खोकत खोकत त्यांनी शब्द परत दिला. मीराबाईंनी कागदी रुमाल पुढे केला आणि खोल श्वास घ्यायला फर्मावले.

पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. लोरेन्त्सबाई पहिल्या, उत्कर्षा दुसरी, आणि वीलांडसाहेब तिच्याहून एकाच मताने मागे, म्हणून स्पर्धेबाहेर. आकडा वाचला जाताच ते सावकाश मागे वळले. मीराबाईंनी नजर चुकवली नाही. त्यांनी फक्त मान झुकवली, समान पदाच्या माणसापुढे झुकवावी तितकीच, आणि वीलांडसाहेबांनीही ती तितकीच झुकवून उत्तर दिले. मग ते आपल्या माणसांच्या टेबलाकडे गेले आणि तिथे कुजबुज सुरू झाली.

दुसऱ्या फेरीत उत्कर्षा निवडून आली.

त्यानंतर काय घडले याचा नीट वृत्तांत कोणापाशीच नाही. टेबले इतकी वाजली की एक ग्लास फुटला. हेर क्नोल यांनी उत्कर्षेचा हात हलवता हलवता तिच्या नावाचा उच्चार चार वेगवेगळ्या तऱ्हांनी केला. ईप्सिता मराठीतून ओरडली, हे तिच्या बापाने प्रथमच ऐकले, आणि तो रडू लागला. कशासाठी, हे त्यालाही सांगता येईना.

उत्कर्षा गर्दीतून वाट काढीत सासूबाईंपर्यंत पोचली. तिचे केस सुटले होते.

"आई, तुम्ही मत कोणाला दिलंत?"

"उमेदवाराने असले प्रश्न विचारायचे नसतात," मीराबाई म्हणाल्या. "मतदान गुप्त असतं."

"पण तुम्ही 'जा' म्हणालात ना? मला वाटलं—"

"तुला वाटलं ते बरोबर वाटलं," मीराबाई झटकन म्हणाल्या, आणि वीलांडसाहेब मागे पुन्हा खोकू लागले तसा त्यांच्याकडे मोर्चा वळवला. "हेर वीलांड, आता रिकामे आहात ना? प्रचाराची पत्रकं दारोदार वाटायला माणूस हवा आहे. हर्निया भरून आला असेल तर जिने चढायला हरकत नाही. लोरेन्त्सबाईंनाही बरोबर घ्या. त्या बोलतात भरभर, अर्धं गाव एका दिवसात होईल. आणि त्यांना सांगा, कोणाच्याही घरी केक न्यायचा झाला, तर आधी मला चाखायला द्यायचा."