मुसळाचा कौल

"उभं राह्यलं! बाप्पा, उभं राह्यलं!"

मारुतीच्या देवळासमोर आरोळी उठली आणि मागच्या रांगेतल्यांनी टाचा उंचावल्या. पितळी परातीत हळदीचं पिवळंजर्द पाणी होतं. त्या पाण्यात, वरपासून खालपर्यंत लाल कापडात गुंडाळलेलं एक मुसळ कोणीही न धरता ताठ उभं होतं. परातीमागे इंद्रजित महाराज डोळे मिटून, दोन्ही हात आकाशाकडे करून बसले होते. श्रेय आकाशाला द्यावं की स्वतः घ्यावं, हे त्यांनी अजून ठरवलं नसावं.

"भूमातेनं होकार दिला!" महाराज गरजले. "अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी या मुसळाला यंत्रं लावून पाहिली, भक्तहो. यंत्रं जळून गेली! व्हायब्रेशन म्हणतात याला, व्हायब्रेशन!"

मुसळ लीलाबाईच्या घरून आदल्या संध्याकाळीच आणलेलं होतं. मधल्या वेळात अमेरिकेचे शास्त्रज्ञ कोणत्या बसनं येऊन गेले, हे कोणी विचारलं नाही. शिवाय खालून जमीन थरथरली तर उभी वस्तू पडते, उभी राहत नाही, हेही कोणाच्या मनात आलं नाही. गावातल्या भगवानरावांनी बाभुळगावची सोयरीक धाकट्या मुलासाठी धरावी का, असं विचारलं होतं. मुसळ उभं राहिलं, म्हणजे धरावी. भगवानराव परातीपुढे आडवे झाले.

हे गाव मुकुटबनच्या जवळचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर आजूबाजूची गावं हसतील, आणि त्यांना तो अधिकार नाही. ग्रहणात परातीत पाणी घालून मुसळ उभं करायची रीत त्यांच्याकडेही आहे. ग्रहण लागलं की मुसळ आपोआप उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असं सगळेच सांगतात. या गावात तो मान लीलाबाईच्या मुसळाचा. शेजारणींची मुसळं कधी उभी राहत, कधी लवंडत. लीलाबाईचं मात्र नवी सून म्हणून आल्यापासून एकदाही पडलं नव्हतं, आणि ही गोष्ट तिनं गावाला विसरू दिली नव्हती. त्यामुळे ग्रहण नसतानाही मुसळ उभं करून कौल देणारे महाराज जेव्हा जीप घेऊन गावात आले आणि 'जागृत मुसळ' मागू लागले, तेव्हा ते कोणाच्या घरून जाणार, हा प्रश्नच नव्हता. लीलाबाई आज पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती.

मग तिचा मुलगा गोपाल उठला. गोपाल वणीला कोळशाचा ट्रक चालवतो. त्याच्या ट्रकला लिंबू-मिरची पुढेही असते आणि मागेही.

"महाराज, माही बायको नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेले बसतो म्हणते. सोमवारी यवतमाळले पेपर हाय. पास झाली त दुसऱ्या गावी राहून शिकन. जाऊ देऊ काय तिले?"

महाराजांनी मुसळ उचललं, गोपालच्या डोक्यावरून गरगर ओवाळलं, मंत्र पुटपुटत परातीत टेकवलं आणि हात काढला.

मुसळ धाडकन पडलं. चेल्यानं ते वरच्यावर झेललं. त्याला सराव असावा.

"नकार!" महाराज कळवळले. "घरची लक्ष्मी उंबऱ्याबाहेर गेली की घराचा तोल जातो, बाळ. शांती करावी लागेल." शांतीचं सगळं साहित्य योगायोगानं महाराजांच्या जीपमध्येच होतं.

बायकांच्या गर्दीत बसलेली सून, संगीता, खाली मान घालून उठली आणि घरी गेली. लीलाबाईला सुनेचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर पहिला चटका वेगळाच बसला होता. तिचं मुसळ पडलं होतं. साऱ्या गावादेखत, आणि तेही तिच्याच घरच्या माणसावर.

*

या घरात भौतिकशास्त्र शिरलं त्याला काही महिने झाले होते. संगीता बारावी सायन्स पास होती, पण भौतिकशास्त्रात काठावर. गावात शिकवणारं कोणी नव्हतं. म्हणून ती स्वयंपाक करताना मिठाच्या बरणीला फोन टेकवायची आणि फोनमधला एक तरतरीत सर फळ्यापुढे उभा राहून सुरू व्हायचा, "तो बच्चों, आज हम पढ़ेंगे संतुलन!"

"हा बच्चोवाला आला वाटते," लीलाबाई तूर निवडता निवडता म्हणायची. सुरुवातीला ती त्याच्याकडे पाठ करून बसे. मग तिरकी बसू लागली. पुढे तर सर काही विचारून थांबला की ही उत्तर देऊन टाकायची, आणि तो तिचं न ऐकता पुढे गेला की तिला राग यायचा.

"संगीता, हा गुरुत्वमध्य म्हणजे काय वो?"

"आत्याबाई, बंडीत कापूस भरता न तुमी? मागं जास्त भरला त काय होते?"

"बंडी उलार होते. जू वर जाते अन् बैलं टांगले जाते."

"मंग साऱ्या वजनाचा मधला बिंदू चाकाच्या मागं गेला म्हणून. तोच गुरुत्वमध्य."

"एवढंच होय? मंग एवढा कायले वरडते तो?"

एकदा सरानं फूटपट्टी दोन बोटांवर आडवी ठेवली आणि बोटं हळूहळू जवळ आणली. बोटं बरोब्बर मध्ये येऊन भेटली. मग त्यानं झाडू घेतला. या वेळी बोटं मध्ये भेटलीच नाहीत, जड टोकाकडे जाऊन भेटली. जिथं भार कमी ते बोट आधी सरकतं, जिथं जास्त ते अडून राहतं, म्हणून शेवटी दोन्ही बोटं गुरुत्वमध्याखालीच येतात, असं सर म्हणाला. लीलाबाईनं त्याच्यावर विश्वास न ठेवता लाटणं घेऊन पाहिलं. मग झाडू. मग झारा. मग नवऱ्याच्या, म्हणजे नानाजीच्या हातातली काठी काढून घेतली.

"अवो, मले बाहेर जायचं हाय," नानाजी म्हणाला.

"थांबा जरा. गुरुत्वमध्य पाहून राह्यली."

नानाजी दारात एका पायावर भार देऊन उभा राहिला. तेव्हापासून तो फोनमधल्या सराला सवत म्हणायचा.

आणि एका बुधवारी संगीतानं सहज विचारलं, "आत्याबाई, ग्रहण नसताना मुसळ उभं करून पायलं काय कधी?"

एवढ्या वर्षांत हे लीलाबाईच्या मनातच आलं नव्हतं. येणार कसं? ग्रहण नसताना मुसळ कांडायला असतं, उभं करायला नाही. तिनं स्वयंपाकघराचं दार लावलं, मुसळ लोखंडी कड्याच्या टोकावर फरशीवर टेकवलं आणि हात काढला. ना परात, ना पाणी, ना ग्रहण. मुसळ आपलं उभं.

संगीतानं टाळी वाजवली. "खालचं टोक सपाट अन् जड हाय. वजनाची रेघ त्या कड्याच्या आत पडते, म्हणून पडत नाई."

लीलाबाईनं मुसळ घाईघाईनं आडवं केलं. "कोणाले सांगू नको," एवढंच ती म्हणाली. मान जाण्याची वेळ आली की ज्ञान पदराखाली झाकावंसं वाटतं, आणि लीलाबाईही माणूसच होती.

*

कौलाच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात बच्चोवाला बोललाच नाही. फोन पालथा पडला होता. संगीतानं यवतमाळसाठी भरलेली पिशवी रिकामी करून कपडे पुन्हा दोरीवर टाकले होते. गोपाल दारात बसून म्हणाला, "मी काय करू? मुसळानंच नाई म्हटलं."

लीलाबाई तुरीचं सूप मांडीवर घेऊन बसली, पण हात चालेना. घर फार शांत वाटत होतं. पोरगी रडली असती तरी बरं झालं असतं. आणि डोक्यात एकच भुंगा होता. माझं मुसळ पडलंच कसं?

कड्याच्या टोकावर ते पडत नाही. दुसरं टोक मिरची कांडून कांडून गोल झालेलं. त्यावर ते कधीच उभं राहत नाही. मग तिला महाराजांचं ओवाळणं आठवलं. गरगर फिरवताना टोकं उलटीपालटी करायला किती वेळ लागतो? वरून लाल कापड, खाली पिवळं पाणी. कोणतं टोक खाली आहे, ते दिसणार कोणाला?

"संगीता," ती म्हणाली, "तो झाडूवाला धडा लाव बरं एकदा."

दुसऱ्या दिवशी रविवार, गर्दी दुप्पट. लीलाबाई उठून थेट परातीपाशी गेली.

"महाराज, मुसळ माह्या घरचं हाय. एकदा दोन हातावर घेऊ द्या, पाया पडाचं हाय मले."

एवढ्या गर्दीत म्हातारीला नाही कसं म्हणणार? महाराजांनी मुसळ दिलं. लीलाबाईनं ते दोन्ही तळव्यांवर आडवं घेतलं आणि हात हळूहळू जवळ आणू लागली. एक हात सरके, दुसरा अडे, मग दुसरा सरके. शेवटी दोन्ही हात भेटले, पण मध्ये नाही, डाव्या टोकाकडे. कापडाआड कडं कुठं आहे, ते तिला कळलं.

तिनं ते टोक परातीत टेकवलं. "सांग रे मुसळा, माह्या सुनेनं परीक्षेले जाव काय?" आणि हात काढला.

मुसळ उभं.

गर्दीतून "ओहो" उमटला. गोपाल ताडकन उठला. लीलाबाईनं मुसळ उचललं, उलटं केलं. "आता पडते, पाहा. नानाजीले आज जेवाले देऊ काय?"

मुसळ पडलं.

"अवो!" मागून नानाजीचा आवाज आला.

लोक हसले. तिनं पुन्हा टोक बदललं, पुन्हा आधी सांगितलं, आणि नानाजीला जेवण मिळालं. महाराजांच्या कपाळावर घाम आला होता, पण गडी धंद्यात मुरलेला. ते झटकन उठले आणि लीलाबाईच्या पायांवर कोसळले.

"माते! भक्तहो, ओळखा! मुसळाची देवी या माउलीच्या अंगात आली!"

झालं. भगवानराव पुढे धावले. कोणीतरी कुंकू आणलं, कोणी नारळ. शेजारची कांताबाई, जिचं मुसळ ग्रहणात दर वेळी लवंडायचं, तीसुद्धा वाकली. लीलाबाईला क्षणभर बरं वाटलं, हे लपवायचं कशाला? आयुष्यभर चूल फुंकलेल्या बाईच्या पायाशी अख्खं गाव. आता ती जे सांगेल ते मुसळाच्या नावावर खपलं असतं. संगीता यवतमाळला गेलीच असती.

तिनं गर्दीत संगीताकडे पाहिलं. संगीता वाकली नव्हती. ती फक्त पाहत होती, सरानं प्रश्न विचारून थांबावं तशी.

"उठा सारे," लीलाबाई म्हणाली. "माह्या अंगात काई नाई आलं. सकाळपासून चहासुद्धा नाई गेला." आणि तिनं मुसळाचं लाल कापड फर्रकन ओढलं. "हे पाहा. इकडं कडं, सपाट. तिकडं गोल. कड्यावर ठेवलं त उभं, गोलावर ठेवलं त पडते. हा बावा ओवाळताना टोक बदलवते. भगवानराव, या, तुमी ठेवा."

"मी? मी त आंघोळ बी नाई केली आज."

"मंग त लयच चांगलं. ठेवा."

बिनआंघोळीच्या भगवानरावांनी चोरट्यासारखं मुसळ टेकवलं. ते उभं राहिलं. त्यांनी ते उलटं केलं, पडलं. पुन्हा सुलटं केलं. मग त्यांना मुसळ सोडवेना. "म्हणजे ते बाभुळगावची सोयरीक..." ते पुटपुटले.

"पोट्ट्याले विचारा! लगन त्याचं हाय!"

"पण काकू," एक जण म्हणाला, "ग्रहणात त खरंच उभं राह्यते न?"

लीलाबाईनं भगवानरावांच्या हातून मुसळ काढून घेतलं. "ग्रहणात राह्यते अन् बुधवारी बी राह्यते. मी घरी उभं करून पायलं. आपण ग्रहणाशिवाय कधी ठेवतच नाई, म्हणून वाटते ग्रहणानं उभं राह्यलं. अन् ग्रहण सुटलं की पडत नाई ते. आपणच उचलून नेतो. माह्या मुसळात काई नाई वो. कडं तेवढं सपाट हाय."

एवढ्या वर्षांचा मान तिनं असा चारचौघांत खाली ठेवला. कांताबाईनं तिच्या हाताला धरलं. आता आपल्याही मुसळाला कडं बसवून घ्यावं, हा विचार कांताबाईच्या चेहऱ्यावर दिसत होता.

तेवढ्यात जीप सुरू झाल्याचा आवाज आला. जाताना महाराजांनी मुसळाला काही विचारलं नाही.

गोपाल चुळबुळत पुढे आला. "मंग माय, मुसळानं आता हो म्हटलं की नाई म्हटलं? जाऊ देऊ काय तिले?"

लीलाबाईनं कपाळावर हात मारला. "अरे, मुसळ कांडाले असते. लाकूड हाय ते. त्याले तुही बायको माहीत नाई, यवतमाळ माहीत नाई, पेपर कायचा हाय ते माहीत नाई. ट्रक भरताना वजन कुठं आलं ते तू पायतं, की लिंबाले विचारतं? डोळे हायत, डोस्कं हाय, त्याच्यानं पाहाव. अन् ज्याची गोष्ट असन त्याले विचाराव."

आणि ती वळून म्हणाली, "संगीता, तुले जायचं हाय काय?"

दोन दिवसांत देवळासमोर कितीतरी प्रश्न विचारून झाले होते. उत्तर ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारलेला हा पहिला.

"हो," संगीता म्हणाली. "जायचं हाय मले."

लीलाबाईनं मुसळ खांद्यावर टाकलं आणि घराकडे निघाली. मिरच्या कांडायच्या राहिल्या होत्या, आणि संध्याकाळच्या बसच्या आत पिशवी पुन्हा भरायची होती.