आंबट वासाचा डबा

आमच्या मुलाने, धनेशने, त्या रविवारी घरातलं प्लास्टिक हटवलं. चहासाखरेचे डबे, पाण्याच्या बाटल्या, फ्रिजमधले लहानसहान डबे, सगळं पोत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. देण्याआधी स्वच्छ धुतलंसुद्धा. मी पेपर वाचत होतो. प्लास्टिक वाईट, हे मलाही पटत होतं. शिवाय मला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी माझ्या बायकोने, मालनने, दूध कोमट केलं आणि फ्रिज उघडला.

"हयसरचो आइस्क्रीमचो डबो खंय गेलो?" रागावली की तिची मालवणी वर येते.

"तो? दिला. किती जुना होता, आई. आत काहीतरी आंबट होतं, ते सिंकमध्ये ओतलं."

"तां विरजण होतां."

"मग? मी दही आणलंय ना." त्याने पिशवीतून दही काढून ओट्यावर ठेवलं.

मालनने ते उचलून उलटसुलट पाहिलं. "आणि ह्यां कशात इलां रे मेल्या? केळीच्या पानात?"

दही प्लास्टिकच्या डब्यात होतं. धनेशने मान खाली घातली, पण तोंड बंद ठेवलं नाही. "दही ते दही, आई. बॅक्टेरिया सगळीकडे सेमच."

ते विरजण माझ्या आईने मालनला दिलेलं. रोजच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढत मालनने ते आजवर टिकवलं. लालबागला या टॉवरच्या जागी आमची चाळ होती, तेव्हा कुणाचं दही बिघडलं की वाटी आमच्याच दारात यायची. आणि ह्याने ते सिंकमध्ये ओतलं. माझे कान तापले.

"विचारायचं होतंस," मी म्हणालो.

"तुम्ही तिथेच बसला होतात, बाबा."

ते खरं होतं. म्हणून जास्तच संताप आला. मी वाटी घेतली आणि चपला घालून ज्युडिथकडे निघालो.

ज्युडिथ चाळीतली आमची शेजारीण, आता याच टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर राहते. तिचं दही मालनच्याच विरजणाचं. बेल वाजवण्याआधी मी वाक्य मनात जुळवलं, तरी बोलताना अडखळलोच. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्यामागे क्रुसाजवळचा दिवा लागला होता.

"नाही मिळणार, भावजी."

"का?"

"दिवे लागले. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत. मालननेच शिकवलं मला. चाळीत एकदा माझ्याकडे पाहुणे बसलेले, तरी दिलं नव्हतं तिने. विसरले काय मी?"

"पण ते तिचंच आहे."

"म्हणून तर तिच्याच नियमाने मिळेल. सकाळी पाठवा, आणि धनेशला पाठवा. फेकायचं त्याने, आणि वाटी घेऊन म्हाताऱ्याने फिरायचं? शरम नाही त्याला?"

रिकामी वाटी घेऊन वर आलो. आता मालन ज्युडिथवरही भडकणार, या धास्तीने एका दमात सांगून टाकलं.

"बरोबर केलं तिने," मालन म्हणाली. तिने दूध फ्रिजमध्ये ठेवलं. दुकानातल्या दह्याला हात लावला नाही.

धनेशला हायसं वाटलं. "म्हणजे सकाळी मिळतंय. संपलं की मग. राग गेला ना?"

"नाही." तिने वाटी माझ्या हातातून घेऊन त्याच्या हातात दिली. "ती काय बोलेल ते ऐकून घे. उलट बोलू नकोस."

"माझाही गेलेला नाही," मी म्हणालो.

कुणी वळून पाहिलं नाही. हळू बोललो असेन. म्हणून पुन्हा म्हणालो.